एंडोस्कोपी नॉर्मल, तरी घास उतरत नाही: अ‍ॅकॅलेशियाचं निदान आणि उपचारांची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून घास छातीच्या मध्यावर अडकतो. आधी अधूनमधून व्हायचं, आता रोज होतं. पाणीसुद्धा अडकतं. वजन ५८ किलोवरून ४७ वर आलं. दोनदा एंडोस्कोपी झाली, दोन्ही नॉर्मल. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग ‘टेन्शनमुळे आहे’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आता बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅकॅलेशिया आलाय, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट न उघडण्याचा आजार. एक डॉक्टर फुग्याने झडप रुंद करू म्हणतात, दुसरे लॅपरोस्कोपी सुचवतात, तिसरे पोएम, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापणं. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, आणि ती पूर्ण बरी होईल का?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि अन्ननलिकेच्या हालचालींचे आजार हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुमच्या मजकुरात एक गोष्ट मला सापडली नाही: मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी. ती झाली नसेल, तर तीन डॉक्टरांपैकी कोण बरोबर हे आज कोणीच सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. अ‍ॅकॅलेशियाचे तीन प्रकार आहेत. दोन प्रकारांना तिन्ही उपचार चालतात, तिसऱ्याला त्यातला एकच मनापासून सुचवावासा वाटतो. प्रकार कळण्याआधी उपचार ठरवणं म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात.

आधी आजार समजून घ्या, कारण ‘पूर्ण बरी होईल का’ याचं उत्तर त्यातच आहे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. आपण घास गिळतो तेव्हा वरून खाली एक लाट जाते आणि घासाला ढकलते. त्याच वेळी जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते. लाट उठवणं आणि झडप सैल करणं, ही दोन्ही कामं नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशी करतात. अ‍ॅकॅलेशियात यातल्या नेमक्या ‘सैल हो’ असा निरोप देणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. झडप आवळलेली राहते आणि लाटही नाहीशी होते. शेतातला पंप बंद पडावा आणि वर व्हॉल्व्हही गंजावा, तसं हे दुहेरी दुखणं आहे. आजचे सगळे उपचार व्हॉल्व्ह मोकळा करतात. पंप पुन्हा सुरू करणारा उपचार अजून कोणाकडेच नाही. झडप उघडली की अन्न स्वतःच्या वजनाने, पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरतं, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. भाकरी खातात, नोकरी करतात, लग्नाच्या पंगतीत बसतात. पण उभ्या-उभ्या चार घास पटापट गिळून बसला पकडायला धावणं मात्र पुन्हा जमेल असं मी कोणाला सांगत नाही.

या पेशी का मरतात? बहुतेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, आणि त्यामागे एखाद्या विषाणूचा संसर्ग व जनुकीय कल असावा असं मानलं जातं. दक्षिण अमेरिकेत परजीवीमुळे होणाऱ्या चागास नावाच्या आजारातून अगदी असंच चित्र उभं राहतं. तुमच्या बहिणीने काही चुकीचं खाल्लं, उपवास फार केले, मन लावून घेतलं, म्हणून हे झालेलं नाही. हे घरात सगळ्यांना मोकळेपणाने सांगा. दोन वर्षं ‘नीट चावून खा’, ‘मनावर घेऊ नकोस’ ऐकत आलेल्या माणसाला या एका वाक्याचा किती आधार होतो, ते मी ओपीडीत पाहतो.

दोन वर्षं निदान का झालं नाही, हेही स्वाभाविक आहे. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार. गावातल्या किंवा तालुक्यातल्या डॉक्टरांना सबंध कारकिर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण दिसतात, ॲसिडिटीचे मात्र रोज पन्नास. त्यात या रुग्णांनाही छातीत जळजळते, कारण अडकलेलं अन्न तिथेच आंबतं. गोळी दिली जाते, फरक पडत नाही, डोस वाढतो. मग एंडोस्कोपी. एंडोस्कोपी नळीच्या आतलं अस्तर दाखवते: जखम, गाठ, अरुंद भाग. स्नायू हलतो की नाही, हे ती दाखवत नाही. आजाराच्या सुरुवातीला नळी फुगलेली नसते, झडपेतून दुर्बीण थोडा दाब दिला की खाली जाते, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला हवंय तो प्रश्न त्या तपासणीला विचारलेलाच नसतो. तरुण बाई, वजन उतरतंय, जेवण टाळते आणि दुर्बीण स्वच्छ, एवढं जमलं की ‘मानसिक’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

मी स्वतः या रुग्णांना काही साधे प्रश्न विचारतो. पहिला: पाणीही अडकतं का? कर्करोगाने नळी अरुंद होते तेव्हा आधी भाकरी-चपाती अडकते, काही आठवड्यांनी मऊ भात, मग पातळ पदार्थ. अ‍ॅकॅलेशियात घन आणि पातळ दोन्ही जवळजवळ सुरुवातीपासून त्रास देतात, कधी गार पाणी भातापेक्षा जास्त. दुसरा: जे वर येतं त्याची चव कशी? आंबट-कडू असेल तर ते जठरातून आलं. सकाळचा भात संध्याकाळी जसाच्या तसा, बेचव आणि फेसाळ बाहेर आला, तर तो जठरात पोचलाच नव्हता. याला रुग्ण ‘उलटी’ म्हणतात आणि डॉक्टरही तसंच लिहून घेतात, म्हणून चव विचारावीच लागते. तिसरा: रात्री आडवं झाल्यावर खोकला, ठसका, उशीवर फेस? चौथा: घास उतरवायला काय करता? बरेच जण न विचारताच दाखवतात: उभं राहणं, खांदे मागे ताणणं, तांब्याभर पाणी एका दमात पिणं, घरातल्या घरात फेऱ्या मारणं. ही युक्ती माणूस स्वतः शोधतो, कारण पाण्याचा स्तंभ उंच झाला की त्याच्या दाबाने झडप थोडी उघडते. तुमच्या बहिणीला हे चार प्रश्न विचारून बघा.

आता तपासण्या. एंडोस्कोपी नॉर्मल असली तरी ती लागतेच, आणि शेवटची एंडोस्कोपी जुनी असेल तर मी पुन्हा करायला सांगतो. कारण जठराच्या तोंडाशी असलेला कर्करोग हुबेहूब अ‍ॅकॅलेशियासारखं सोंग घेऊ शकतो. वय ५५-६० च्या पुढे, त्रास काही महिन्यांचाच आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं असेल तर सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी केल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्या बहिणीचं वय आणि दोन वर्षांचा काळ पाहता ही शक्यता कमी आहे, पण झडपेच्या खालचा भाग दुर्बीण जठरात वळवून नीट पाहिला का, हे विचारा. आपल्याकडे क्षयरोगाच्या छातीतल्या गाठीही अन्ननलिकेवर दाबतात, तेही डोक्यात ठेवावं लागतं. एंडोस्कोपीआधी दोन दिवस फक्त पातळ आहार ठेवा, आणि नळीत अन्न साठतं हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. नेहमीचे सहा-आठ तास उपाशी राहणं या रुग्णांना पुरत नाही. भूल चढताना साठलेलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका खरा आहे.

बेरियममध्ये झडपेजवळ नळी निमुळती होते, तिला रिपोर्टमध्ये पक्ष्याच्या चोचीची उपमा देतात. पण मला नुसत्या चोचीपेक्षा वेळ लावून केलेला बेरियम जास्त उपयोगी वाटतो. रुग्णाला उभं ठेवून ठरावीक बेरियम पाजायचं आणि १, २ व ५ मिनिटांनी फोटो काढून बेरियमची उंची मोजायची. उपचारानंतर हाच फोटो पुन्हा काढला की नळी खरंच रिकामी होते का, ते आकड्यात दिसतं. रुग्णाला बरं वाटणं आणि नळी रिकामी होणं या दोन गोष्टी दर वेळी जुळत नाहीत. आधीचा फोटो नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून उपचाराआधीच करून ठेवा.

आणि मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत सरकवतात, तिच्यावर दाब मोजणारे संवेदक असतात. पाण्याचे छोटे घोट गिळायला सांगतात आणि संगणकावर दाबाचं रंगीत चित्र उमटतं. नळी जाताना डोळ्यांत पाणी येतं, उमासा येतो, मग सवय होते. गुंगीचं औषध देत नाहीत, कारण त्याने दाब बदलतो. अफूच्या वर्गातली वेदनाशामकं, ट्रॅमाडॉलसुद्धा, नियमित चालू असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. या गोळ्या स्वतःच अ‍ॅकॅलेशियासारखं चित्र तयार करू शकतात आणि त्या थांबवल्यावर ते सुधारू शकतं.

चित्रात झडप पुरेशी सैल होत नाही हे तिन्ही प्रकारांत सारखं असतं. फरक वरच्या नळीत. पहिल्या प्रकारात नळी निपचित असते, दाबच तयार होत नाही. दुसऱ्यात लाट नसते, पण अख्खी नळी एकदम आवळली जाऊन दाब वाढतो. तिसऱ्यात खालच्या भागात वेड्यावाकड्या, जोरदार उबळी येतात आणि छातीत दुखणं जास्त असतं. दुसरा प्रकार उपचारांना सगळ्यात छान प्रतिसाद देतो, तिसरा सगळ्यात हट्टी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. गोळ्या, म्हणजे निफेडिपिन किंवा नायट्रेट, झडप थोडा वेळ सैल करतात. पण डोकं दुखतं, रक्तदाब उतरतो, असर तुटपुंजा. मी त्या फक्त उपचाराची तारीख येईपर्यंत वापरतो, तेही क्वचित. झडपेत बोटॉक्सचं इंजेक्शन सोपं आहे, पण त्याचा असर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. ऐंशीच्या घरातल्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना ते योग्य. ३६ वर्षांच्या बाईला पहिला उपचार म्हणून मी ते देणार नाही. राहिले तीन.

फुगा: एंडोस्कोपी आणि एक्स-रेच्या मदतीने झडपेत ३० मिलिमीटरचा फुगा ठेवून हवेच्या दाबाने फुगवतात, झडपेचे तंतू ताणून तुटतात. काही आठवड्यांनी ३५, लागल्यास ४०. खर्च सगळ्यात कमी, पोटावर छेद नाही, बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. धोका नळी फाटण्याचा. अनुभवी हातात तो शंभरात एक-दोन-तीन इतका असतो, आणि झालाच तर तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय त्याच रुग्णालयात असावी लागते.

लॅपरोस्कोपिक हेलर शस्त्रक्रिया: अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने १९१३ मध्ये झडपेचा स्नायू कापण्याची पद्धत सुरू केली. आज ती पोटावरच्या छोट्या छिद्रांतून करतात आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा भाग अर्धवट गुंडाळतात. पूर्ण गुंडाळत नाहीत, कारण या नळीत ढकलण्याची ताकदच उरलेली नसते.

पोएम: जपानचे हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलेली पद्धत. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करतात, त्यातून झडपेचा स्नायू आतून कापतात आणि अस्तराचं तोंड क्लिप लावून बंद करतात. बाहेरून एकही छेद नाही. स्नायू किती लांब कापायचा हे हातात असतं, म्हणून उबळी वरपर्यंत असणाऱ्या तिसऱ्या प्रकारात मी जवळजवळ नेहमी पोएमच सुचवतो. पण यात गुंडाळी नसते, म्हणून आम्ल वर येणं जास्त.

तीन डॉक्टर तीन गोष्टी का सांगतात, हे चाचण्यांचे आकडे पाहिले की उमजतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनी फुग्याचं यश ८६ टक्के आणि हेलरचं ९० टक्के होतं, म्हणजे जवळपास बरोबरी. २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत पोएम ९२ टक्के आणि फुगा ५४ टक्के. फुगा तोच, मग आकडे इतके वेगळे कसे? युरोपातल्या चाचणीत त्रास परत आला तर पुन्हा फुगवायची मुभा होती. दुसरीत ३० आणि ३५ मिलिमीटरच्या फुग्यांनंतरही उपचार लागला तर ते अपयश धरलं. म्हणजे फुगा एकदा करून विसरून जायचा उपचार नाही. गरजेप्रमाणे परत यायची तयारी असेल तर तो बरोबरीने चालतो. २०१९ च्याच तिसऱ्या चाचणीत पोएम आणि हेलर यांचं दोन वर्षांचं यश सारखंच निघालं, ८३ आणि ८२ टक्क्यांच्या आसपास. पण आम्लामुळे नळीला सूज पोएमनंतर ४४ टक्क्यांना, हेलरनंतर २९ टक्क्यांना.

तुमच्या बहिणीसाठी माझा विचार असा चालेल. तिसरा प्रकार निघाला तर पोएम. पहिला किंवा दुसरा निघाला तर तिन्ही दारं उघडी आहेत. चाळिशीच्या आतल्या पुरुषांमध्ये फुगा लवकर तोकडा पडतो, स्त्रियांमध्ये तो तुलनेने चांगला टिकतो, म्हणून तिचं वय बघून फुगा बाद करू नका. ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूर राहत असेल आणि दर वेळी रजा काढून मुंबई-पुण्याला येणं अवघड असेल, तर एकदाच करून मोकळं होण्याकडे, म्हणजे पोएम किंवा हेलरकडे, मी झुकेन. आधीपासून खरी आम्लपित्ताची तक्रार किंवा मोठा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल तर हेलर. पुढे गरोदरपणाचा विचार असेल तर उपचार त्याआधी उरकून वजन सावरू द्या. आणि या सगळ्यापेक्षा जास्त वजन मी हातांना देतो. जवळच्या शहरात हेलर वर्षानुवर्षं करणारा सर्जन असेल आणि पोएम नुकतंच सुरू झालं असेल, तर हेलर करा. उलट असेल तर उलट. ‘तुम्ही ही प्रक्रिया किती केल्यात, गुंतागुंत झाली तर इथे काय सोय आहे?’ हे विचारताना संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. शासकीय योजनेत बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून दाखल होण्याआधी लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी: वजन. ११ किलो गेले आहेत. डॉक्टर या आजाराची तीव्रता मोजायला एक गुणपद्धत वापरतात: अडकणं, वर येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १२. दहा किलोपेक्षा जास्त घट म्हणजे त्या रकान्यात पूर्ण तीन. त्यामुळे तारीख मिळेपर्यंत आहाराकडे लक्ष हवं. पेज, नाचणीची आंबील, दूध, ताक, पातळ वरणात तूप, मिक्सरमधून काढलेली खिचडी, दर दोन तासांनी थोडं-थोडं. पोटॅशियम, फॉस्फेट, हिमोग्लोबिन आणि प्रथिनांची रक्ततपासणी करून घ्या. खूप दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीराला उपचारानंतर एकदम भरपूर अन्न मिळालं तर क्षारांचा तोल बिघडू शकतो, म्हणून आहार टप्प्याने वाढवतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात.

उपचारानंतर पहिले काही दिवस पातळ, मग मऊ. छातीत थोडं दुखतं, ते ओसरतं. पण वाढत जाणारं दुखणं, ताप, धाप किंवा मानेची कातडी दाबल्यावर कुरकुर वाजल्यासारखं जाणवणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. पुढे कायमच्या सवयी: ताठ बसून जेवण, सोबत पाणी, झोपण्याआधी तीन तास काही नाही. पोएम झालं तर आम्ल कमी करणारी गोळी बराच काळ लागते आणि जळजळ नसली तरी वर्षभरात एक एंडोस्कोपी करावी, कारण या रुग्णांना आम्लाची जाणीव कमी असते. वर सांगितलेल्या पद्धतीत एकूण गुण ३ किंवा कमी आणि बेरियम खाली उतरतंय, याला आम्ही यश म्हणतो. काही वर्षांनी त्रास परतला तर पुन्हा उपचार करता येतो, आधी हेलर झालेल्यांना फुगा किंवा पोएमही करता येतं. म्हणून ‘पुन्हा अडकायला लागलं’ हे लपवून ठेवायचं नाही. वर्षानुवर्षं तुंबलेली नळी फार रुंद होऊन वाकते, तेव्हा पर्याय कमी होतात, आणि जुन्या आजारात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा वाढतो. घरात मिश्री, तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर बहिणीपुरती ती आजच बंद करा.

मॅनोमेट्रीची तारीख मिळेपर्यंतही एक काळजी घ्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच उंची द्या, नुसत्या दोन उशा पुरत नाहीत. रात्रीचं जेवण सातच्या आत आणि पातळच. खोकल्याबरोबर ताप आला किंवा दम लागला तर ‘थंडी भरली’ म्हणून थांबू नका, छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हिला अ‍ॅकॅलेशिया आहे आणि रात्री अन्न वर येतं.